नंबर बदलले, पलटण राहिली

(वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ही व्याख्यानमाला ज्या सुभेदार साहेबांच्या स्मरणार्थ चालते, ते कुणी ओळख विचारली की आधी पलटण सांगायचे आणि मग हुद्दा. फौजेत उमेदीची वर्षं घालवलेल्या बहुतेक माणसांची हीच रीत असते. म्हणून आजचा विषय मी पलटणीचाच घेतला आहे. सरकार फौजेची फेररचना करतं, जुन्या रेजिमेंट एकत्र करतं, नंबर बदलतं, टोपीवरचा बिल्ला बदलतं. अशा वेळी शंभर-दीडशे वर्षं जपलेल्या परंपरेचं काय होतं? काय टिकतं, काय जातं आणि जे टिकतं ते कशाच्या बळावर?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विलीनीकरणानं पलटण मरत नाही. आज आपण ज्या रेजिमेंटची नावं अभिमानानं घेतो, त्यांतल्या कित्येक विलीनीकरणातूनच जन्मल्या आहेत. मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली अट अशी की बटालियन सलग राहिली पाहिजे. तिची माणसं, तिचं निशाण आणि तिचं दप्तर या हातातून त्या हातात गेलं पाहिजे. दुसरी अट अशी की जुन्या नावाला नव्या घरात मानाची जागा मिळाली पाहिजे. या दोन अटी जिथे पाळल्या गेल्या, तिथे परंपरा वाढली. जिथे पलटणच मोडली, तिथे एका समाजाला आपला मान परत मिळवायला वीस वर्षं वाट पाहावी लागली. दोन्ही उदाहरणं आपल्याच मातीतली आहेत.

एका पलटणीची पाच नावं

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतल्या अनेक घरांत पहिल्या महायुद्धाची पदकं अजून जपलेली आहेत. त्यातलं चांदीचं गोल पदक हातात घ्या. एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. पण घरच्यांच्या दृष्टीनं मोलाचा मजकूर असतो तो कडेवर. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण कोरलेली असते. समजा, तिथे ‘११० मराठाज’ असं लिहिलेलं आहे. पणतू आज सैन्यदलाच्या यादीत ही पलटण शोधायला गेला, तर त्याला ती सापडणार नाही. मग पणजोबांची पलटण गेली कुठे?

ती उभी राहिली १७९७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत. १८२४ च्या फेररचनेत ती मुंबईच्या पायदळाची १० वी पलटण झाली. पुढे लॉर्ड किचनेर सरसेनापती असताना, १९०३ मध्ये, साऱ्या हिंदुस्थानी फौजेला एकच क्रमावली लावण्यात आली. मुंबईच्या पायदळी पलटणींच्या जुन्या नंबरात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३, पाचवीची १०५ आणि दहावीची ११० झाली.

याच ११० नंबरानं ती मेसोपोटेमियात गेली. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपत आलं, घोडे कापले गेले, आणि धर्माच्या बंधनामुळे कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. जे जगले होते ते कैदेत गेले आणि त्यांतले पुष्कळ परतलेच नाहीत. खरं तर ११० ची कहाणी तिथेच संपायची. पण मागे हिंदुस्थानात डेपो शाबूत होता. त्या डेपोतून पलटण पुन्हा उभी करण्यात आली.

१९२२ मध्ये ११० हा नंबर गेला. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. फौजी लिखाणात तिला ३/५ मराठा म्हणत. ही बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत लढली. इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला याच बटालियनच्या नाईक यशवंत घाडगे यांनी, तुकडीतले सोबती पडल्यावर, एकट्यानं शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली. मोर्चा घेतला आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागात त्यांचं नाव आजही घरोघर माहीत आहे.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक फेरबदल झाला. ही बटालियन हवाई छत्रीची झाली होती. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या तीन रेजिमेंटच्या एकेक बटालियन तिच्यात आल्या. ३ मराठाची झाली २ पॅरा. नावापुढे कंसात ‘मराठा’ हा शब्द राहिला. ११ डिसेंबर १९७१ ला २ पॅराचे जवान बांगलादेशात टांगाइलजवळ विमानांतून उतरले, त्यांनी पुंगलीचा पूल घेतला आणि माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या भारतीय तुकड्यांत हीच पलटण होती.

तेव्हा कुतच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या त्या शिपायाचे आजचे वारस मरून रंगाची बेरे टोपी घालतात. १७९७ पासून आजपर्यंत नावं पाच झाली, गणवेश बदलला, शस्त्रं बदलली, राज्य बदललं. बटालियन मात्र एकदाही तुटली नाही. हे सलगपण हीच परंपरेची पहिली शिदोरी.

१९२२ चा निर्णय

१९२२ ची फेररचना करावी का लागली, हे नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर विलीनीकरण म्हणजे कागदी घोडे नाचवणाऱ्यांचा खेळ वाटतो.

१ एप्रिल १८९५ पर्यंत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन फौजा होत्या. त्या एक झाल्यावरही पायदळाची घडण जुनीच राहिली. एक रेजिमेंट म्हणजे एकच बटालियन. प्रत्येकीची भरती स्वतःची, दप्तर स्वतःचं. सरहद्दीवरच्या छोट्या मोहिमांना हे पुरत होतं. पहिल्या महायुद्धात एकेका लढाईत शेकड्यांनी माणसं पडू लागली, तेव्हा ही घडण कोसळली. एका बटालियनच्या डेपोतून इतकी माणसं पुरवणं अशक्य होतं. मग दुसऱ्या पलटणींतून माणसं उसनी आणायची वेळ आली. अनोळखी शिपाई, अनोळखी अंमलदार आणि आजूबाजूला गोळ्यांचा वर्षाव. ज्या परस्पर विश्वासावर पलटण लढते तो विश्वासच त्यात विरून गेला.

त्यावर उपाय म्हणून शंभराहून अधिक एकबटालियनी रेजिमेंट एकत्र करून पायदळाच्या वीस मोठ्या रेजिमेंट बांधण्यात आल्या. गुरखा रेजिमेंट त्यातून वगळल्या होत्या. प्रत्येक रेजिमेंटमध्ये काही लढाऊ बटालियन आणि रंगरूट तयार करणारी एक शिक्षण बटालियन. या शिक्षण बटालियनला दहावा नंबर दिला गेला. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पाच बटालियन झाल्या. ११४ मराठा शिक्षण बटालियन झाली आणि बेळगावला बसली. तेव्हापासून बेळगाव हे मराठा रेजिमेंटचं घर आहे.

या मांडणीत दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात.

पहिली ‘लाइट इन्फंट्री’ या किताबाची. १८४० मध्ये बलुचिस्तानच्या मरी डोंगरांत काहूनच्या किल्ल्यात मुंबईच्या पाचव्या पलटणीच्या तुकडीनं कॅप्टन लुईस ब्राऊन यांच्या हाताखाली महिनोन् महिने वेढा सोसला. त्या पराक्रमासाठी पाचवीला लाइट इन्फंट्रीचा किताब मिळाला. पुढे १०३ आणि ११० यांनीही तो कमावला. ११४, ११६ आणि ११७ या मात्र नुसत्या ‘मराठा’ होत्या. १९२२ मध्ये हा किताब सहाही पलटणींचा झाला. ज्यांनी तो मिळवला होता त्यांच्याकडून काही काढून घेतलं गेलं नाही आणि बाकीच्यांच्या खांद्यावर मानाबरोबर जबाबदारीही आली. युद्धसन्मानांचंही तसंच. एका बटालियनच्या निशाणावर लढाईचं जे नाव होतं, ते आता सगळ्या रेजिमेंटचं झालं.

दुसरी गोष्ट ११४ ची. ऑक्टोबर १९१८ मध्ये टायग्रिस नदीकाठी शरकतच्या लढाईत या पलटणीनं असं शौर्य गाजवलं की तिला एका लढाईत मिळालेल्या पदकांची आजही रेजिमेंटमध्ये वाखाणणी होते. अशी गाजलेली पलटण रंगरुटांना शिकवायला बसवली, हे वरवर पाहता अन्यायाचं वाटेल. पण विचार करा. मराठा रेजिमेंटमध्ये येणारा प्रत्येक मुलगा पहिल्यांदा याच पलटणीच्या उस्तादांच्या हाताखालून जाऊ लागला. शरकतचं नाव एका बटालियनपुरतं उरलं नाही, ते रेजिमेंटच्या प्रत्येक शिपायाच्या कानावर पडलं. बेळगावच्या केंद्रात ते आजही मानानं घेतलं जातं.

बटालियनींची टोपणनावंही विरली नाहीत. जुन्या तिसऱ्या मुंबई पलटणीचे वारस आज १ मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, पण फौजेत त्यांना ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखतात. काहूनची पाचवी आज २ मराठा आहे, पण तिचे जवान स्वतःला ‘काली पाँचवी’चे म्हणवतात. ५, मग १०५, मग २ असे नंबर बदलत गेले. जवानांनी मात्र पहिला नंबर सोडला नाही. सरकारी हुकमात नसलेली गोष्ट शिपायांनी तोंडी चालवली आणि ती शंभर वर्षं टिकली.

एकाच देव्हाऱ्यात दोन घरांचे देव

घोडदळाची कहाणी अधिक अवघड. पायदळात बटालियन शाबूत राहिल्या आणि वरची चौकट बदलली. घोडदळात एकोणचाळीस रेजिमेंटच्या एकवीस केल्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन जिवंत रेजिमेंट मोडून एक बांधली.

आपल्या पुणे हॉर्सचंच घ्या. तिचं एक अंग ३४ वी पुणे हॉर्स. जून १८१७ च्या पुणे तहानंतर बाजीराव पेशव्यांच्या खर्चानं इंग्रजांनी उभं केलेलं स्वारदळ हे तिचं मूळ. दुसरं अंग ३३ वी लाइट कॅव्हलरी. १८२० मध्ये शिरूरला उभी राहिलेली मुंबईची तिसरी लाइट कॅव्हलरी हे तिचं मूळ. १९२१ मध्ये ही दोन घराणी एक झाली.

या दोघींच्या पूर्वजांनी एका मैदानावर घोडे घातले होते. ८ फेब्रुवारी १८५७ ला इराणात खुशाबच्या लढाईत तिसऱ्या लाइट कॅव्हलरीनं इराणी पायदळाचा चौकोनी व्यूह फोडला. संगिनी रोखून उभ्या असलेल्या पायदळाचा चौकोन घोडदळानं फोडणं ही दुर्मीळ गोष्ट. त्यासाठी तिच्या दोन अंमलदारांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. या लढाईत हाती आलेल्या इराणी निशाणाच्या टोकावर चांदीचा पंजा होता आणि त्यावर कुराणातलं वचन कोरलेलं होतं: ईश्वराचा हात सर्व हातांच्या वर आहे. पुणे हॉर्सच्या निशाणाच्या शिरावर आजही तो पंजा आहे. रेजिमेंटमध्ये आज राजपूत, जाट, शीख अशा घरांतले स्वार आहेत, आणि ते सगळे त्या पंजाला सलाम करतात.

दोन घराणी एक झाली म्हणून एका घरचे देव विसर्जित करायचे नसतात. एका देव्हाऱ्यात दोन्ही घरांचे टाक बसवले जातात आणि पूजा एकच होते. पुणे हॉर्सनं तेच केलं.

त्याचं फळ पुढे दिसलं. स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या फौजा भारतीय सैन्यदलात सामील झाल्या. हैदराबादच्या निजामाच्या फौजेतले अर्देशीर बुर्जोरजी तारापोर हे अधिकारी १९५१ मध्ये पुणे हॉर्समध्ये आले. एका विलीन झालेल्या फौजेतला माणूस, दुसऱ्या विलीन झालेल्या रेजिमेंटमध्ये. १९६५ च्या युद्धात तेच तिचे कमांडिंग अधिकारी होते. फिलोराच्या आणि पुढच्या लढायांत जखमी होऊनही त्यांनी रणांगण सोडलं नाही, आणि १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. परमवीरचक्र त्यांना मिळालं. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, याच रेजिमेंटच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी बसंतरच्या लढाईत पेटलेल्या रणगाड्यातून शेवटपर्यंत तोफ चालवली. रेजिमेंटला दुसरं परमवीरचक्र मिळालं. बाहेरून आलेल्या माणसाला घर आपलं वाटावं, हे कुठल्याही विलीनीकरणाचं खरं यश. तारापोर साहेबांनी ते आपल्या प्राणांनी सिद्ध केलं.

मोडलेली पलटण

आता दुसरी बाजू. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारनं महार समाजाची सैन्यभरती बंद केली. ज्या समाजातले सुभेदार-जमादार पिढ्यान् पिढ्या मुंबई फौजेत होते, त्यांच्या मुलांना फौजेचं दार बंद झालं. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्यांची चळवळ चालवली. सरकारनं दाद दिली नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा मात्र १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारण्यात आली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती बरखास्त झाली.

ही तारीख लक्षात ठेवा. त्याच वर्षी पुणे हॉर्सच्या दोन्ही घराण्यांना एक छत मिळालं आणि पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, मराठा पलटणींना नव्या रेजिमेंटमध्ये घर मिळालं. १११ महारला कुठेही जागा मिळाली नाही. तिचे शिपाई घरी गेले, तिचं दप्तर बंद झालं आणि तिचं नाव पुढे चालवणारं कुणी राहिलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, त्यामुळे फौजेत मिळणाऱ्या मानाची किंमत बाबासाहेबांना घरातूनच माहीत होती. भरतीची मागणी त्यांनी सोडली नाही, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

विलीन केलेली आणि मोडलेली पलटण यांतला फरक इथे उघड दिसतो. विलीन केलेल्या पलटणीच्या शिपायाचा मुलगा ‘बाबांची पलटण’ म्हणून कुठल्यातरी दारात उभा राहू शकतो. मोडलेल्या पलटणीच्या शिपायाच्या मुलासाठी दारच उरत नाही. सुधारणेच्या नावाखाली कुणाला सामावून घ्यायचं आणि कुणाला वगळायचं, हा निर्णय फौजेपुरता राहत नाही, तो समाजाच्या मानाचा निर्णय असतो.

महार रेजिमेंटनं पुढे काय केलं ते पाहा. तिच्यातून भारताला दोन सेनाप्रमुख मिळाले, जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी. आणि याच सुंदरजींनी पुढे स्वतंत्र भारतातल्या एका मोठ्या एकत्रीकरणाला आकार दिला.

कंसातलं नाव

स्वातंत्र्यानंतर आपण विलीनीकरणाची स्वतःची रीत घडवली. तिचे तीन साक्षीदार महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राच्या वेशीवर आहेत.

पहिला साक्षीदार नागपूरजवळच्या कामठीत आहे. १९४९ मध्ये जनरल करिअप्पा यांनी ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली. जातीजमातींवर बांधलेल्या जुन्या रेजिमेंटऐवजी सगळ्या भारतातली माणसं एका पलटणीत यावीत, हा त्यांचा विचार. त्यासाठी त्यांनी नवी बटालियन शून्यातून उभी केली नाही. जुन्या, मुरलेल्या बटालियन घेतल्या. १ गार्ड्स ही पंजाब रेजिमेंटची, २ गार्ड्स ग्रेनेडियर्सची, ३ गार्ड्स राजपुताना रायफल्सची, ४ गार्ड्स राजपूत रेजिमेंटची. प्रत्येकीच्या नावापुढे कंसात जुनं नाव ठेवलं. यातल्या ग्रेनेडियर्स आणि राजपुताना रायफल्स या दोन बटालियनींची मुळं जुन्या मुंबई फौजेतच आहेत.

दुसरा साक्षीदार अहिल्यानगरात. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट स्थापन झाली. सुंदरजी तिचे पहिले कर्नल ऑफ द रेजिमेंट. तिची बांधणीही याच पद्धतीनं झाली. १ मद्रास, १ शीख, १ डोग्रा अशा नामवंत बटालियन चिलखती गाड्यांवर चढल्या आणि जुनी नावं कंसात घेऊन आल्या. त्यातली पाचवी आधी १४ कुमाऊँ होती, आणि त्याआधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेतली पलटण. एका मराठा सरदार घराण्याची पलटण आधी कुमाऊँची आणि मग यांत्रिक पायदळाची झाली, तरी ग्वाल्हेरचं नाव तिच्या इतिहासात टिकून आहे.

तिसरा साक्षीदार बेळगाव. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्स स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत १९ वी बटालियन म्हणून आल्या आणि कोल्हापूरचं नाव सोबत घेऊन आल्या.

हा कंस फार कामाचा आहे. तो जवानाला सांगतो की तुझं घर आता हे आहे, आणि तुझं मूळ ते होतं. दोन्ही खरं, आणि दोन्ही सांगताना मान खाली घालायची गरज नाही.

इतर देशांत काय झालं? स्कॉटलंडमध्ये २८ मार्च २००६ ला जुन्या रेजिमेंट एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड स्थापन झाली. लोक रस्त्यावर उतरले, जुन्या सैनिकांनी आवाज उठवला. सरकारनं बिल्ला सर्वांचा एक केला, पण बटालियनींचे तुरे वेगळे ठेवले. ‘ब्लॅक वॉच’ या जुन्या रेजिमेंटचा लाल तुरा टिकला आणि बटालियनच्या नावात ‘ब्लॅक वॉच’ आधी आणि नंबर नंतर लिहिला जातो. ज्या ब्लॅक वॉचसाठी लोक इतके कळवळले, ती स्वतः १८८१ मध्ये ४२ आणि ७३ नंबरच्या रेजिमेंट एक करून बनली होती. त्या वेळीही नंबर सोडताना लोक हळहळलेच असणार. सव्वाशे वर्षांत तो बदलच परंपरा झाला. मात्र २०१२-१३ मध्ये त्याच रेजिमेंटमधली आर्गाइल्सची बटालियन कमी करून एका कंपनीएवढी केली गेली. तिथे तुरा वाचला, पण तो घालणारी माणसं मूठभर उरली.

कुठली परंपरा सोडायची

परंपरा जपायची म्हणजे सगळीच जपायची, असं मी म्हणणार नाही. स्वतंत्र भारताच्या फौजेनं जुन्या युद्धसन्मानांची छाननी केली. जे सन्मान आपल्याच लोकांविरुद्धच्या लढायांचे होते, १८५७ चे होते, ते आता साजरे होत नाहीत. हा निर्णय योग्यच होता. शिपायानं शौर्य दाखवलं असेल, पण आपल्याच देशबांधवांवरचा विजय निशाणावर मिरवायचा नसतो.

कधी कधी मात्र एकाच घटनेच्या दोन आठवणी असतात. महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर पेशव्यांच्या फौजेविरुद्धच्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ होता. पुढे तो बदलला. फौजेचा निर्णय फौजेच्या जागी ठीक. पण ज्यांच्या पूर्वजांना गावात पाणवठा बंद होता आणि फौजेत बंदूक हाती मिळाली, त्या लोकांच्या मनातली कोरेगावची आठवण फौजेच्या यादीवर चालत नाही. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जमणारा समुदाय त्याची साक्ष देतो. दोन्ही आठवणींना त्यांच्या त्यांच्या जागी मान दिला पाहिजे.

नवी परंपरा बांधता येते, हेही लक्षात ठेवा. मराठा रेजिमेंट ४ फेब्रुवारी हा दिवस साजरा करते, तो १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला म्हणून. कंपनी सरकारनं उभ्या केलेल्या रेजिमेंटनं शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचा दिवस आपला मानला. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही तिची युद्धघोषणा. ब्रिटिशांची घडण राहिली, तिच्यातला प्राण आपला झाला.

पुढे काय

सैन्यदलात फेरबदल होतच राहणार. शस्त्रं बदलतील तशा पलटणी बदलतील. काही एकत्र होतील, काहींना नवं काम मिळेल. त्याला विरोध करत बसणं म्हणजे फौजेला मागच्या युद्धासाठी तयार ठेवणं. म्हणून राज्यकर्त्यांकडे आणि सेनाधिकाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. बटालियन मोडू नका, वळवा. जुनं नाव कंसात का होईना, ठेवा. जिथे पंजा आहे तिथे पंजा, जिथे तुरा आहे तिथे तुरा राहू द्या. काय ठेवायचं ते आधी त्या पलटणीच्या दरबारात विचारा, कारण उद्या ते पाळणार जवानच आहेत. आणि जी पलटण मोडण्याखेरीज इलाज नाही, तिचा वारस त्याच दिवशी नेमून द्या. १११ महारसारखी कुणाची गत होऊ नये.

२०२२ पासून अग्निपथ योजना आली आहे. भरती झालेला तरुण चार वर्षं सेवा करतो, त्यांतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याला पुढे कायम केलं जातं. ही योजना चांगली की वाईट हा वाद आज माझा विषय नाही. पण तिचा परंपरेवर होणारा परिणाम सरळ आहे. पूर्वी पंधरा-सतरा वर्षं पलटणीत राहणाऱ्या जवानाच्या अंगात तिचा इतिहास आपोआप मुरायचा. आता चार वर्षांत तो शिकवावा लागेल. हे काम पडेल सुभेदार, हवालदार आणि उस्ताद यांच्यावर. त्यासाठी वेळ आणि मान दोन्ही दिले पाहिजेत. पलटणीचा इतिहास हा कवायतीइतकाच शिकवण्याचा विषय मानला पाहिजे.

आणि शेवटी तुम्हा-आम्हाला करता येण्यासारखं काम. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले. तिथे त्यांची स्मृती जपलेली आहे, गावाच्या नावापुढेही लोक ‘मिलिटरी’ लावतात. पण महाराष्ट्रातल्या आणखी कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. ‘या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ एवढंच त्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं. नावं नाहीत, पलटण नाही. अनेक पाट्यांवर चुन्याचे थर चढले आहेत.

माझी ग्रामपंचायतींना, शाळांना आणि माजी सैनिक संघटनांना कळकळीची विनंती आहे. आपल्या गावची पाटी शोधा. ती स्वच्छ करा. गावातल्या जुन्या घरांतून त्या माणसांची नावं आणि त्यांच्या पलटणींचे नंबर गोळा करा. शेजारी मराठीत दुसरी पाटी लावा आणि तिच्यावर जुन्या नंबरापुढे आजच्या पलटणीचं नाव लिहा. मग त्या पलटणीला पत्र पाठवून कळवा की तुमचा एक जवान आमच्या गावचा होता. या वर्षी एका गावानं एवढं केलं तरी ही व्याख्यानमाला सार्थकी लागली, असं मी मानेन.

जय हिंद!